इनपुट पडताळणीचा लूप

वापरणाऱ्याने दिलेली माहिती नियमात बसेपर्यंत त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारणारी प्रोग्राममधील रचना. नवशिक्याला लूपचा (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या रचनेचा) खरा उपयोग बहुधा इथेच पहिल्यांदा कळतो. एक ते दहा आकडे छापताना फेऱ्या किती होणार हे आधीच ठरलेले असते. इथे ते समोरचा माणूस काय टाइप करतो त्यावर ठरते.

समजा, सोलापुरातल्या चाटी गल्लीतील एका कापडदुकानासाठी चादरींच्या बिलाचा छोटा प्रोग्राम लिहायचा आहे आणि एका बिलात १ ते ५०० नग चालतात. शिकणारा आधी ‘इफ’ (अट एकदाच तपासणारी आज्ञा) वापरतो: आकडा चुकला तर संदेश द्यायचा आणि पुन्हा एकदा विचारायचे. दुसऱ्या खेपेलाही उणे पाच आले, तर ते तसेच गुणाकारात जाते आणि उणे रकमेचे बिल निघते. ‘व्हाइल’ने, म्हणजे अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या लूपने, ही फट बुजते:

नग = विचारा
जोपर्यंत (नग १ पेक्षा लहान किंवा ५०० पेक्षा मोठा):
— सांगा “१ ते ५०० मधला पूर्णांक द्या”
— नग = विचारा

अटीत चुकीच्या उत्तराचे वर्णन असते. लूप संपतो तेव्हा ही अट खोटी ठरलेली असते, म्हणजे नग १ ते ५०० मध्येच आहेत. पुढे गुणाकार, सूट, कर कुठेही तो आकडा पुन्हा तपासावा लागत नाही. ही हमी हाच या रचनेचा गाभा आहे आणि शिकवताना तिच्यावर जास्त भर द्यायला हवा.

‘किंवा’च्या जागी ‘आणि’ लिहिले, तर १ पेक्षा लहान आणि त्याच वेळी ५०० पेक्षा मोठा असा आकडाच नसल्याने लूप एकदाही चालत नाही. बरोबर आकडे देऊन पाहिले तर प्रोग्राम ठीक वाटतो, म्हणून चाचणीत चुकीची उत्तरे मुद्दाम द्यावीत; ०, १, ५०० आणि ५०१ तर नक्कीच. शेवटची ओळ विसरली तर संदेश अखंड छापला जातो.

सी आणि जावा या प्रोग्रामिंग भाषांमध्ये प्रश्न एकदाच लिहिण्यासाठी ‘डू-व्हाइल’ (आधी काम करून मग अट तपासणारा लूप) आहे. पायथन या भाषेत तो नाही. तिथे ‘व्हाइल ट्रू’ (अट कायम खरी असलेला लूप) लिहून योग्य उत्तर मिळताच ‘ब्रेक’ने बाहेर पडतात.

आकड्याऐवजी अक्षरे आली की प्रश्न अवघड होतो. मजकुराचा पूर्णांक करणारे पायथनचे ‘इंट’ अशा वेळी ‘व्हॅल्यूएरर’ हा त्रुटीसंदेश देते. तो लूपच्या आतच ‘ट्राय-एक्सेप्ट’ने (त्रुटी आली तर काय करायचे ते सांगणाऱ्या रचनेने) पकडायचा. सीमधील इनपुट वाचणारे ‘स्कॅनएफ’ मात्र न समजलेली अक्षरे बफरमध्ये (वाचायच्या मजकुराच्या तात्पुरत्या साठ्यात) तशीच ठेवते. पुढच्या फेरीत तीच समोर येतात आणि लूप थांबत नाही. जावाच्या ‘स्कॅनर’चे ‘नेक्स्टइंट’ही नको असलेला शब्द मागे सोडते. म्हणून पूर्ण ओळ मजकूर म्हणून वाचावी आणि मग तिचा आकडा करावा. ही सवय सुरुवातीलाच लावलेली बरी.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. पायथनचे ‘इंट’ देवनागरी ‘२५’ स्वीकारते, तसेच कन्नड, तेलुगू आणि उर्दू अंकही. सीचे ‘स्कॅनएफ’ ते स्वीकारत नाही.

पडताळणी फक्त नियम पाहते, खरेपणा नाही. पिनकोड सहा अंकी असावा आणि शून्याने सुरू होऊ नये, एवढे लूप तपासू शकतो. ग्राहकाचा पिनकोड ४१३००१ असताना ४१३००२ टाइप झाला, तरी तो बिनतक्रार पुढे जातो.

इनपुट फाइलमधून येत असेल, तर फाइल संपल्यावर नवे उत्तर कधीच येणार नाही. ही स्थिती वेगळी तपासली नाही तर सीमधला लूप कायम फिरत राहू शकतो. पायथन तिथे ‘ईओएफएरर’ देऊन थांबतो. पासवर्डसारख्या ठिकाणी प्रयत्नांवरच मर्यादा घालतात. मग लूप दोन कारणांनी संपू शकतो, उत्तर पटले किंवा संधी संपली. यातले नेमके कोणते घडले हे लूपनंतर तपासावे लागते.