बोट लाँचच्या पार्किंगमधले पट्टे

तळ्याच्या काठी जिथे लोक गाडीमागे ट्रेलर लावून आणलेली बोट पाण्यात सोडतात त्या जागेला बोट लाँच म्हणतात, आणि तिला लागून जे पार्किंग असतं त्याच्या डांबरावर किंवा काँक्रीटवर गाड्यांच्या जागा, जायच्या-यायच्या वाटा, बाण, थांबायच्या रांगा आणि 'इथे उभं राहू नका' सांगणाऱ्या तिरक्या रेघा रंगवायचं काम म्हणजे हे पट्टे मारणं. अमेरिकेत सार्वजनिक तळी आणि जलाशय भरपूर, स्वतःची बोट ट्रेलरवर घालून फिरणारी माणसंही भरपूर, त्यामुळे हे काम तिथे दरवर्षी कुठे ना कुठे चालूच असतं. दुकानासमोरचं पार्किंग आखता आलं की हेही जमेल असं वरवर वाटतं पण तसं नाही, कारण इथे येणारी गाडी मधे सांधा असलेली, लांबलचक आणि बराच वेळ उलटी चालणारी असते, आणि रेषा चुकल्या की त्याचा फटका थेट रॅम्पला बसतो, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारालाच.

साध्या गाडीला साधारण ९ फूट रुंद आणि १८ फूट लांब जागा पुरते. पिकअप आणि त्यामागे बोटीचा ट्रेलर असेल तर निदान १० फूट रुंद आणि ४० फूट लांब लागते, मोठ्या बोटींसाठी त्याहूनही जास्त. म्हणजे ट्रेलरची एक जागा साध्या गाडीच्या जवळपास अडीच जागा खाते. म्हणून दोन्ही प्रकारच्या जागा पहिल्यापासूनच वेगळ्या आखाव्या लागतात आणि ट्रेलरच्या जागेत मोठ्या अक्षरात तसं लिहावं लागतं, नाहीतर पोहायला आलेलं कुटुंब आपली छोटी गाडी ४० फुटी जागेत लावून जातं आणि मागून आलेल्या ट्रेलरवाल्याला त्या रिकाम्या दिसणाऱ्या २०-२५ फुटांचा काही उपयोग नसतो. उलट बाजूने तर मार्गच नाही, ट्रेलर काही छोट्या जागेत मावत नाही. साध्या गाड्यांच्या जागा पाण्याच्या आणि पिकनिकच्या बाजूला सोयीच्या ठिकाणी दिल्या की हा प्रश्न बराच सुटतो, लोक नियम वाचून नाही पण सोय बघून नक्की वागतात.

ट्रेलरच्या जागा शक्यतो ४५ किंवा ६० अंशात तिरक्या आखतात, आणि जमीन पुरत असेल तर आरपार, म्हणजे एका बाजूने शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने सरळ पुढे निघायचं, मागे घ्यायची भानगडच नाही. नव्वद अंशातल्या जागा कागदावर जास्त मावतात हे खरं, पण तिथे शिरायला वाट इतकी रुंद ठेवावी लागते की वाचलेली जमीन तिथेच जाते, शिवाय नवशिका माणूस मागे-पुढे करत सगळ्यांना अडकवतो. आरपार जागेच्या तोंडाशी काँक्रीटचे चाक-अडवे ठोकायचे नसतात, इतर पार्किंगची सवय असलेले लोक ते हटकून ठोकतात.

वाट एकदिशा हवी आणि अमेरिकेत ती बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात. कारण साधं आहे, तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि रॅम्पवर उलटं जाताना ट्रेलर डाव्या अंगाला वळत असेल तर तो त्याला स्वतःच्या खिडकीतून दिसतो, उजव्या अंगाला वळला की फक्त आरशावर भरवसा. जिथे गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या असतात तिथे हेच गणित उलटं मांडावं लागेल. हे बाण रंगवणाऱ्याला माहीत असो नसो, आखणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

तयारीची रांग

सगळ्या आखणीत मला सर्वात महत्त्वाची वाटते ती तयारीची रांग, आणि पैसे कमी पडले की सर्वात आधी तीच गाळली जाते. बोट पाण्यात सोडायच्या आधी तिला ट्रेलरला बांधणारे पट्टे सोडायचे असतात, ड्रेन प्लग म्हणजे बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावायचं असतं, सामान चढवायचं असतं, दोर बांधायचे असतात. हे सगळं रॅम्पच्या अलीकडे वेगळ्या रंगवलेल्या रांगेत झालं तर रॅम्पवर प्रत्येकाचं काम काही मिनिटांत उरकतं. ती रांग नसेल तर लोक हीच सगळी कामं रॅम्पच्या तोंडाशी करतात, मागे पाच ट्रेलर उभे राहतात, त्यामागे अजून पाच, आणि शेवटचा ट्रेलर मेन रोडवर. नवीन रॅम्प बांधायला प्रचंड खर्च येतो आणि त्यासमोर ही रांग म्हणजे थोडा रंग आणि एक दिवसाची मेहनत, तरी लोक आधी रॅम्प वाढवायच्या गोष्टी करतात.

परत येतानाही तसंच, बोट बाहेर काढल्यावर ती बांधायला, पाणी काढून टाकायला वेगळी जागा हवी. १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले ही बाहेरून आलेली उपद्रवी जात सापडली आणि तिथून ते बोटींना चिकटून, बोटीतल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पसरत गेले, म्हणून आता मिनेसोटासारख्या राज्यांत तळं सोडताना प्लग काढून पाणी सोडणं, झाडपाला काढणं कायद्यानेच सक्तीचं आहे. हे काम शांतपणे करायला रंगवलेली जागा दिली नाही तर माणूस घाईत तसाच निघून जातो. ही जागा अशी निवडायची की सांडलेलं पाणी परत तळ्याकडे वाहणार नाही.

अपंग व्यक्तींच्या जागा

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा, आणि सध्या चालतात ती त्याखालची २०१० ची मानकं. त्यानुसार गाडीची जागा किमान ८ फूट रुंद, व्हॅनची ११ फूट, आणि बाजूला ५ फुटांची उतरायची पट्टी, जिच्यात तिरक्या रेघा मारून गाडी लावायला मनाई दाखवतात. २५ पर्यंत जागा असलेल्या लॉटमध्ये, म्हणजे पार्किंगच्या आवारात, अशी निदान एक, ५० पर्यंत दोन. उतार कुठल्याही दिशेने ४८ ला १ पेक्षा जास्त नको, आणि तळ्याकाठी खरी पंचाईत इथेच होते कारण सगळी जमीनच पाण्याकडे उतरती असते. रंग मारून चढ सपाट होत नाही, त्यामुळे ही जागा डांबरीकरणाच्या वेळीच ठरवावी लागते, नंतर कुठेतरी व्हीलचेअरचं चित्र काढून दिलं की झालं असं होत नाही. आणि व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःची बोट घेऊन ट्रेलरसकटही येतो, हे बऱ्याच आखणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही, म्हणून एखादी ४० फुटी जागाही बाजूच्या पट्टीसकट आखावी आणि तिथून धक्क्यापर्यंत जायची वाट ट्रेलरच्या वाटेला शक्यतो न छेदता न्यावी.

आखणी आणि रंग

आधी झाडून, धुऊन जागा कोरडी करायची. मग मूळ रेषा धरायची, बहुतेक रॅम्पच्या मध्याला समांतर, आणि तिच्यावर ३-४-५ च्या त्रिकोणाने काटकोन काढायचा, म्हणजे ३० फूट, ४० फूट आणि कर्ण ५० फूट जुळला की कोन बरोबर. त्यानंतर खडूच्या दोरीने सूत मारायचं आणि मगच मशीन चालवायचं. तिरक्या जागांमध्ये पहिल्या रेषेचा कोन जरा चुकला तर पुढच्या सगळ्या जागा तशाच सरकत जातात, म्हणून अनुभवी माणसं आखणीला रंगकामापेक्षा जास्त वेळ देतात आणि बरोबर करतात.

रेषा साधारण ४ इंच रुंद. रंग बहुधा पाण्यात कालवलेला, सुकल्यावर पक्का होणारा ॲक्रिलिक ट्रॅफिक पेंट. ओला थर १५ मिल, म्हणजे एक इंचाच्या हजार भागांतले १५, धरला तर एका गॅलनमध्ये अशी रेषा सुमारे ३२० फूट निघते. रस्त्याकडेच्या पार्किंगच्या रेषा तिथल्या राष्ट्रीय नियमावलीप्रमाणे पांढऱ्या असतात, लॉटच्या आत मात्र पिवळ्याही सर्रास दिसतात. ओल्या रंगावर बारीक काचेचे मणी टाकतात म्हणजे हेडलाइटच्या उजेडात रेषा चमकते, आणि मासे धरणारे लोक उजाडायच्या आधीच येत असल्यामुळे इथे मण्यांवर कंजुषी करू नये.

हवामान हा तळ्याकाठचा मोठा शत्रू. असला रंग मारायला हवा आणि जमीन दोन्ही साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर लागतात, आणि जमिनीचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर. पाण्याजवळ सकाळी दव पडतं, धुकं असतं, डांबर हाताला कोरडं वाटतं पण नसतं, आणि त्यावर मारलेला रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो. दुपारी उशिरा मारला तर सुकायच्या आत संध्याकाळचं दव येतं. म्हणजे दिवसातले मधले काही तासच हाताशी राहतात, आणि नेमके तेच तास बोटवाल्यांच्या गर्दीचे. उत्तरेकडच्या राज्यांत तर हिवाळ्यात बर्फ काढणारी पाती जुन्या रेषा खरवडून नेतात, बर्फ वितळल्यावर जमीन पुरेशी तापेपर्यंत मे उजाडतो आणि मिनेसोटात वॉलाय माशाचा हंगाम मेच्या मध्यावर सुरू होतो, त्यामुळे ही कामं एकतर त्या थोड्याशा फटीत बसवायची नाहीतर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी संपून गर्दी ओसरल्यावर करायची. मला दुसरा पर्याय बरा वाटतो, जमीन तेव्हा अजून उबदार असते.

रॅम्पच्या तोंडाशी ट्रेलरमधून सतत पाणी गळत असतं. तिथे गुळगुळीत रंगाचे मोठे पट्टे मारले तर टायरही घसरतो आणि माणूसही, म्हणून रंगात खरबरीत वाळू मिसळतात. रॅम्पच्या पाण्याखालच्या भागाला रंग नकोच, तिथे काँक्रीट ओलं असतानाच त्यात खाचा पाडलेल्या असतात आणि पकड त्यांचीच असते. नवीन डांबरावर काही आठवडे थांबावं लागतं, आतलं तेल वर आलं की पांढरा रंग तपकिरी पडतो. खडीचं पार्किंग असेल तर रंगाचा प्रश्नच नाही, लाकडाचे ओंडके आणि खांब लावून जागा दाखवतात.

पाण्याची काळजी हा इथे जोडकामाचा विषय नाही, कारण लॉटवर जे सांडतं ते पहिल्या पावसात तळ्यात जातं. मशीन तिथेच धुवायचं नाही, पाऊस येणार असेल तर काम पुढे ढकलायचं. पट्ट्यांआधी डांबरावर सीलकोट म्हणजे संरक्षक थर मारतात त्यातही बघायला हवं, कोळशाच्या डांबरापासून केलेल्या सीलकोटमधून कॅन्सरकारक घटक तळ्याच्या गाळात जाऊन बसतात असं अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासात दिसलं, मग टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००५ मध्ये त्यावर बंदी आणायचं ठरवलं आणि २०११ मध्ये वॉशिंग्टन हे राज्यभर बंदी घालणारं पहिलं राज्य झालं.

पैसा कुठून येतो तर बराचसा बोटवाल्यांच्याच खिशातून. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या सामानावरचा कर राज्यांकडे वळवला, १९८४ च्या दुरुस्तीने त्यात मोटारबोटींच्या इंधनावरचा कर आला, आणि राज्यांना आपल्या वाट्यातले १५ टक्के बोटींच्या सोयींवर खर्च करावे लागतात.

आखणी बदलायची असेल तेव्हा जुन्या रेषांवर काळा रंग फासून पुढे जाऊ नये. सकाळ-संध्याकाळी पाण्यावरून तिरपं ऊन आलं किंवा जमीन ओली झाली की काळा रंग डांबरापेक्षा वेगळा चकाकतो, जुनी आणि नवी अशा दोन्ही रेषा एकदम दिसतात, आणि उलटा ट्रेलर घेऊन चाललेल्या माणसाला आरशात कुठली खरी ते कळत नाही. त्या घासून किंवा जोराच्या पाण्याने उडवूनच काढाव्यात, आणि घासताना निघालेली भुकटी तिथल्या तिथे ओढून घ्यावी.