शिक्षेचा विवेकाधिकार (भारतीय फौजदारी न्यायालये)

फौजदारी खटल्यात आरोपीवरील दोष सिद्ध झाल्यावर त्याला कोणती आणि किती शिक्षा द्यायची, हे कायद्याने आखलेल्या हद्दीत ठरवण्याचा न्यायाधीशाचा अधिकार म्हणजे शिक्षेचा विवेकाधिकार. भारतात ही हद्द बहुतेक कलमांत फक्त वरच्या बाजूने बांधलेली असते. ‘अमुक वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही’ ही १८६० च्या भारतीय दंड संहितेची घडण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही चालत आली आहे. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे; तीच सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी हमरस्त्यावर झाली तर चौदा वर्षांपर्यंत. एका न्यायाधीशाने दोन वर्षे दिली आणि दुसऱ्याने आठ, तरी दोघेही कायद्याच्या आतच राहतात.

एवढ्या मोकळ्या अधिकाराला लगाम कसा घालायचा, याची उत्तरे देशोदेशी वेगळी आहेत. इंग्लंडमध्ये शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी परिषद आहे. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९८७ पासून गुन्ह्याची पायरी आणि पूर्वीची दोषसिद्धी यांवरून शिक्षा सुचवणारा तक्ता आहे. २००५ पासून तो फक्त सल्ल्यापुरता उरला. भारतात असा तक्ता नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली, पण ती कायद्यात उतरली नाही. इथला लगाम आहे तो लेखी कारणांचा. न्यायाधीशाने शिक्षा का दिली हे निकालपत्रात लिहायचे आणि वरच्या न्यायालयाने ते अपिलात तपासायचे. या अधिकाराचा भारतातला इतिहास म्हणूनच बराचसा ‘कारणे कोणत्या बाजूने द्यायची’ याचा इतिहास आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनासारख्या गुन्ह्यात फाशी हाच शिरस्ता होता. फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाला त्याची कारणे नोंदवावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि दोन्ही शिक्षा समान पातळीवर आल्या. १९७३ च्या संहितेने पारडे पूर्ण फिरवले. जन्मठेप हा नियम ठरला आणि फाशीसाठी ‘विशेष कारणे’ लिहिणे सक्तीचे झाले. कलमातल्या एका ओळीने न्यायाधीशाच्या मनातला आरंभबिंदूच हलवला, आणि कितीतरी जिवांचा फैसला त्या ओळीवर अवलंबून राहिला. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी वैध ठरवली, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती. गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा आणि तो सुधारण्याची शक्यता उरलेली नाही हे सरकार पक्षाने दाखवावे, असे त्या निकालाने सांगितले. प्रत्यक्षात पुढे अनेक निकालांत गुन्ह्याचे क्रौर्यच बोलत राहिले. संतोष बरियार विरुद्ध महाराष्ट्र शासन या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही विसंगती स्वतःच्या घरातली म्हणून मान्य केली.

विवेकाला अजिबात जागाच न ठेवणारे कलम मात्र टिकले नाही. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, असे दंड संहितेचे कलम ३०३ सांगत असे. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात ते घटनाबाह्य ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यातील सक्तीची फाशी ऐच्छिक म्हणून वाचावी असा निकाल दिला. संसदेने २०१४ मध्ये कायद्यातच तसा बदल केला.

खालची मर्यादा, म्हणजे किमान शिक्षा, हा विधिमंडळाचा न्यायालयावरचा अविश्वास असतो, आणि तो कधीकधी साधार असतो. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर देशभर उठलेल्या आंदोलनातून १९८३ ची दुरुस्ती आली. बलात्काराला किमान सात वर्षे आणि पोलीस कोठडीतील किंवा सामूहिक बलात्काराला दहा वर्षे ठरली. सोबत ‘पुरेशी व विशेष कारणे’ असल्यास त्याहून कमी देण्याची पळवाटही ठेवली गेली. ही वाट २०१३ मध्ये बुजवण्यात आली. किमान शिक्षेची दुसरी बाजूही आहे. अमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणाला, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या साठ्याला, किमान दहा वर्षे असल्याने टोळीचा म्होरक्या आणि चार पैशांसाठी पिशवी वाहणारा हमाल यांच्यात फरक करायला न्यायाधीशाच्या हाती फारसे काही उरत नाही.

या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची कडी शिक्षेवरची सुनावणी आहे. १९७३ च्या संहितेने दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रमाणावर आरोपीचे स्वतंत्रपणे ऐकणे बंधनकारक केले, आणि १९७६ मध्ये सांता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही केवळ औपचारिकता नाही असे बजावले. तरी पुष्कळ ठिकाणी वकील ‘पहिलाच गुन्हा आहे, घरचा एकटा कमावता आहे, दया दाखवावी’ एवढेच म्हणतात आणि काही मिनिटांत शिक्षा सुनावली जाते. माणसाचे बालपण, शिक्षण, मानसिक आजार, तुरुंगातले वर्तन यांपैकी काहीच कागदावर आलेले नसेल, तर विवेक वापरायचा तो कशावर? मनोज विरुद्ध मध्य प्रदेश शासन या २०२२ च्या निकालात फाशीच्या खटल्यांत अशी माहिती आधीच मागवण्याचे निर्देश दिले गेले. त्याच वर्षी, अर्थपूर्ण सुनावणी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हा समज चुकीचा आहे. जन्मठेप उरलेल्या आयुष्यभराची असते. फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यांत चौदा वर्षांआधी शासनाला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. फाशी फार आणि चौदा वर्षे थोडी वाटतील तिथे २००८ च्या श्रद्धानंद निकालाने मधली वाट काढली : ठरावीक वर्षे सूट नाही, अशी जन्मठेप. २०१५ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, मात्र हा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापुरताच ठेवला.

लहान गुन्ह्यांत विवेकाचा कल सौम्यतेकडे असावा, ही जुनी धारणा आहे. मुंबई प्रांताने १९३८ मध्येच परिवीक्षेचा, म्हणजे दोषीला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा, कायदा केला. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील दोषीला कारणे नोंदवल्याशिवाय तुरुंगात पाठवता येत नाही, अपवाद जन्मठेपेच्या गुन्ह्यांचा. न्याय संहितेने सामुदायिक सेवेची भर घातली : पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर सामुदायिक सेवा एवढीच शिक्षा आहे.

शिक्षा अपुरी वाटल्यास ती वाढवून मागणारे अपील शासन करू शकते. पीडिताला निर्दोष मुक्ततेविरुद्ध, सौम्य गुन्ह्याखालील दोषसिद्धीविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील आहे, पण अपुऱ्या शिक्षेविरुद्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले.