टेम्पररिली

टेम्पररिली हे इंग्रजीतले कालवाचक क्रियाविशेषण. अर्थ तात्पुरते, काही काळापुरते. मुळाशी काळ या अर्थाचा लॅटिन शब्द 'टेम्पस' आहे. उच्चारात ब्रिटिश मंडळी पहिल्या अक्षरावर जोर देतात, अमेरिकी तिसऱ्यावर. 'टेम्पररी' हे विशेषण नामाला लागते, 'टेम्पररिली' क्रियेला. म्हणजे पूल टेम्पररी असतो आणि रस्ता टेम्पररिली वळवलेला असतो.

विदर्भातल्या खेड्यांत या दोन्ही कामांना 'टेम्परवारी' हा एकच शब्द पुरतो. कपाशीला पाणी द्यायच्या दिवसांत मोटारीची केबल तुटली की तिची टोके सोलून पिळतात, वर काळी टेप गुंडाळतात; टेप नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी. "आता टेम्परवारी जोडून देतो, मंग पाहू." तो जोड ओल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तसाच पडून राहतो, आणि अशा जोडाने जीवही जातो. शब्दाचा खरा स्वभाव इथे कळतो: अवस्था संपणार एवढेच तो सांगतो, कधी संपणार ते नाही. म्हणून ऐकणारा लगेच विचारतो, "कवापर्यंत?" हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि 'तात्पुरते बंद' अशी पाटी लावणाऱ्याने खाली तारीख लिहायलाच हवी.

'ब्रीफली'मध्ये काळ थोडका असतो. 'टेम्पररिली'त तशी अट नाही, वर्षेही जाऊ शकतात. मराठीतला 'हंगामी' याच्या जवळचा, पण त्याला हंगामाची हद्द आहे. जिनिंगमधला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातला, हंगामी मजूर कापसाची आवक थांबली की घरी परततो, हे त्याला आधीच ठाऊक असते. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या माणसाला तेवढाही भरवसा नसतो.

भारतीय संविधानाच्या २१व्या भागाचे शीर्षकच तात्पुरत्या, संक्रमणकालीन आणि विशेष तरतुदींचे आहे. विदर्भाच्या विकास मंडळाचा आधार असलेला अनुच्छेद ३७१ याच भागात येतो. तो स्वतः 'विशेष' गटातला. मुदत होती ती मंडळाला. १९९४ साली स्थापन झालेले हे मंडळ मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चालले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली.