कुत्र्याला लूत लागली? आंघोळ न घालता आणा

कुत्रा रात्रभर खाजवतोय, केस झडताहेत, पोटाखाली लाल पुरळ आलंय. ठाण्यात वर्तकनगर, उपवन, पोखरण रोडच्या बाजूने आमच्या दवाखान्यात येणाऱ्यांकडून ही तक्रार सतत येते. यातले बरेच जण निघण्याआधी कुत्र्याला शाम्पूने स्वच्छ आंघोळ घालतात, वर करंजाचं तेल किंवा हळद-खोबरेल चोपडतात आणि मग रिक्षात बसतात. डॉक्टरकडे नेताना जनावर घाण दिसू नये, ही भावना आम्हाला समजते. पण नेमकी इथेच तपासणी अडते, आणि तुम्हाला चार-पाच दिवसांनी पुन्हा यावं लागतं.

आम्हाला जे बघायचं असतं ते त्या खपल्यांमध्ये आणि कोंड्यातच असतं. आंघोळीत खपल्या निघून जातात, पिसवांची काळी विष्ठा धुऊन जाते, त्वचेवरच्या बुरशीचं आणि जिवाणूंचं खरं प्रमाण कळत नाही. हळदीने रंगलेल्या त्वचेवर लाली कुठवर आहे तेही दिसत नाही. म्हणून येण्याआधी निदान चार दिवस आंघोळ, तेल, पावडर, मलम काहीही नको. आधीच काही लावून झालं असेल तर लपवू नका, ती ट्यूब किंवा बाटली सोबत आणा. आम्ही रागावत नाही. काय लावलंय ते कळलं की आमचं काम सोपं होतं.

मलमाबद्दल जरा जास्त सांगायला हवं. माणसांच्या खाजेवर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. ते लावलं की दोन दिवसांत खाज थांबते आणि सगळ्यांना वाटतं, बरं झालं. पण स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि लूत आणणाऱ्या काही किड्यांना मोकळं रान मिळतं. रुपयाएवढा चट्टा महिन्याभराने तोंडभर पसरून आमच्याकडे येतो तेव्हा मागे बहुतेकदा अशी एखादी ट्यूब असते. गॅरेजचं जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल आणि कापूर घातलेलं तेल तर अजिबात नको. कुत्रा अंग चाटतो, ते सगळं पोटात जातं.

लोक ज्याला सरसकट लूत म्हणतात, त्यात दोन वेगळे किडे आहेत. पहिला सारकोप्टिस. हा त्वचेत बोगदे करून अंडी घालतो आणि खाज भयंकर असते. कानांच्या कडा, कोपर, मागच्या पायांचे घोटे, पोट या जागा आधी धरतात. कानाची कड अंगठ्याने हलकेच घासली की बऱ्याच कुत्र्यांचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागतो. हा संसर्गजन्य आहे: घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला होतो, आणि कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या मुलांच्या हातापोटावरही पुरळ उठतं. माणसाच्या अंगावर हा किडा आपलं चक्र पूर्ण करू शकत नाही, त्यामुळे कुत्रा बरा झाला की ते पुरळ साधारणपणे जातं. फार त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात कुत्रा आहे हे त्यांना सांगा.

दुसरा डेमोडेक्स. हा बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी थोडाफार असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून पिल्लाकडे येतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतो. याची लागण तुम्हाला होत नाही. पिल्लाच्या तोंडावर एक-दोन छोटे चट्टे असतील तर ते पुष्कळदा आपोआप भरतात, आणि तसं असेल तर आम्ही औषध न देता नुसतं लक्ष ठेवायला सांगतो. अंगभर पसरला, पू व्हायला लागला, तर मात्र उपचार लांबतात.

दोन्ही नुसतं बघून ओळखता येतातच असं नाही. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलाय, गोळी सांगा ना,’ असं कोणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो ते यासाठी. इथे आम्ही चट्ट्याच्या कडेची त्वचा चिमटीत दाबतो, पात्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेऊन रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडतो आणि ते काचेवर घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली बघतो. डेमोडेक्स असेल तर गाजरासारखा लांबट किडा दिसतो. तुम्हालाही दाखवतो, जरूर बघा. सारकोप्टिस मात्र बऱ्याचदा खरवडीत सापडत नाही. तेव्हा लक्षणं जुळत असतील तर आम्ही उपचार सुरू करतो आणि तसं स्पष्ट सांगतो. ‘अंडं उष्ण पडलं’ म्हणून लूत लागत नाही. अंडं बंद करून महिना घालवू नका.

औषधं आता पूर्वीपेक्षा खूप चांगली आहेत. फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सारोलेनर या गोळ्या दोन्ही किड्यांवर, शिवाय गोचीड आणि पिसवांवर चालतात. महाग वाटतात, पण दर आठवड्या-दोन आठवड्यांनी अमिट्राझ या किडे मारणाऱ्या औषधाच्या पाण्याने करायच्या आंघोळींतून सुटका होते. डोस वजनावर ठरतो म्हणून दर वेळी वजन करतो. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा, मग औषध बदलावं लागेल. ‘नेहमीचं इंजेक्शन देऊन टाका’ म्हणून आयव्हरमेक्टिन मागू नका. कॉली आणि त्याच्या जवळच्या जातींत ते मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतं.

केस आले म्हणजे किडे गेले असं धरू नका. अंगभर पसरलेल्या डेमोडेक्समध्ये महिन्याच्या अंतराने दोनदा खरवड स्वच्छ आली की मगच आम्ही औषध थांबवण्याचा विचार करतो. या फेरतपासणीचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, कारण पैसे वाचवायला लोक ती टाळतात आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

येऊरला फिरायला नेत असाल तर घरी आल्यावर कानाच्या आत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड बघा. मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे घर आणि बाल्कनीही साफ करावी लागते. गोचीड होऊन गेल्यावर ताप आला, जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी या. तेव्हा आंघोळ घातली असली तरी चार दिवस थांबू नका.

सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांसाठी रविवारची सकाळ राखून ठेवलेली आहे. धरून आणणं शक्य नसेल तर सांगा, आम्ही खाली येऊन बघतो आणि रोज खायला घालणाऱ्याच्या हातूनच गोळी देतो. खर्च तीन-चार घरांनी वाटून घेतला तर कोणालाच जड जात नाही.