हात न लागलेली माती

१४ मे १८६४ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या ओर्गय गावाच्या परिसरात आकाशातून काळ्याकुट्ट दगडांचा वर्षाव झाला. लोकांनी ते वेचले, संग्रहालयांनी जपून ठेवले. जवळपास शंभर वर्षांनी, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, काही संशोधकांना त्या अशनीत सूक्ष्म जीवाश्मांसारख्या आकृत्या दिसल्या आणि एकच खळबळ उडाली. पुढे बारकाईनं तपासल्यावर त्यातल्या काही आकृत्या साधे परागकण निघाले, बाकीचे खनिजांचे कण. पण खरी गंमत होती एका संग्रहालयातल्या बंद बरणीतल्या तुकड्यात. त्यात चक्क लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या बिया आणि कोळशाचे कण होते, तेही चिकटवून बसवलेले! अशनी पडण्याच्या काही आठवडे आधीच लुई पाश्चरनं निर्जीवातून आपोआप जीव उपजतो या कल्पनेविरुद्ध गाजलेलं व्याख्यान दिलं होतं. कुणीतरी त्यावर थट्टा करायला गेला असावा. ती त्या वेळी कुणाच्या लक्षातच आली नाही आणि थट्टा करणारा कोण हेही कधी कळलं नाही.

सुदूर अंतराळातून मूठभर माती आणण्यासाठी सात वर्षांची मोहीम कशाला, असं कुणी विचारलं की मला ही बरणी आठवते. अशनी तर फुकट पडतात, आणि पुष्कळ पडतात. पण जमिनीला टेकल्या क्षणापासून त्या पृथ्वीच्या होऊ लागतात. त्यांत पाणी मुरतं, बुरशी शिरते, हाताळणाऱ्यांच्या त्वचेवरचे रेणू चिकटतात. मग त्यात अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा घटक, सापडलं, तर ते तिकडचं की इकडचं, या वादाला अंत नसतो.

बेन्नू हा सुमारे ५०० मीटर व्यासाचा लघुग्रह १९९९ मध्ये सापडला. बातम्यांत तो बहुतेक वेळा भलत्याच कारणानं झळकतो. २४ सप्टेंबर २१८२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता साधारण २,७०० मध्ये एक आहे. शास्त्रज्ञांना त्याचं आकर्षण होतं ते त्याच्या काळेपणामुळे. असे काळे लघुग्रह कार्बनी संयुगांनी समृद्ध असतात आणि त्यांची सामग्री सूर्यमालेच्या जन्माइतकी, म्हणजे साडेचार अब्ज वर्षांची जुनी असते. नासाचं ओसायरिस-रेक्स यान सप्टेंबर २०१६ मध्ये निघालं आणि डिसेंबर २०१८ मध्ये तिथे पोहोचलं.

पोहोचताच पहिला धक्का बसला. पृथ्वीवरून केलेल्या निरीक्षणांवरून बेन्नूचा पृष्ठभाग बारीक वाळूचा, बराचसा सपाट असेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात जिकडेतिकडे धोंडेच धोंडे. यान उतरवायला जागा शोधण्यातच सुमारे एक वर्ष गेलं. शेवटी ‘नाइटिंगेल’ नावाचा एक खळगा निवडला आणि २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाचा लांब हात जमिनीला टेकला. टेकला म्हणणंही बरोबर नाही, कारण तो थांबलाच नाही! दगडगोट्यांनी काही विरोधच केला नाही आणि हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. बेन्नू हा सलग खडक नाही. नाममात्र गुरुत्वाकर्षणानं कसाबसा एकत्र राहिलेला तो दगडगोट्यांचा ढीग आहे. त्याची घनता पाण्याहून जेमतेम जास्त आहे आणि आत निम्मी जागा रिकामी आहे. नायट्रोजनच्या झोतानं माती उडवून गोळा करायची आणि काही सेकंदांत इंजिनं पेटवून दूर व्हायचं, असा बेत होता. इंजिनं वेळेवर पेटली म्हणून बरं, नाहीतर यान आणखी रुतलं असतं.

मग वेगळीच पंचाईत झाली. माती इतकी भरली होती की खडे अडकून डब्याची झडप मिटेना, आणि फटीतून कण अवकाशात निसटू लागले. मोहिमेचे प्रमुख दान्ते लॉरेटा आणि त्यांच्या चमूनं आधी ठरलेलं वजन मोजण्याचं काम सोडून दिलं आणि डबा तसाच घाईनं कुपीत बंद केला.

ही कुपी २४ सप्टेंबर २०२३ रोजी सेकंदाला सुमारे १२ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरली आणि अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरली. उतरताना आत येणारी हवा गाळणीतून गाळली जाईल अशी तिची रचना होती. काही तासांत ती तात्पुरत्या स्वच्छ खोलीत नेऊन तिच्यात शुद्ध नायट्रोजन सोडला गेला. स्वच्छतेचा हा ध्यास यान बांधतानाच सुरू झाला होता. यानाला लागणारं इंधन नेहमीपेक्षा शुद्ध घेतलं होतं. बांधणीत वापरलेल्या साहित्याचे तुकडे जपून ठेवले होते, म्हणजे उद्या एखादा रेणू संशयास्पद वाटला तर तो यानातूनच आला का, हे ताडून पाहता येईल.

याच सोवळ्यामुळे पुढे तीन महिने अडले. ह्यूस्टनमधल्या प्रयोगशाळेत नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत, बाहेरून हातमोज्यांत हात घालून, डब्याचे ३५ स्क्रू काढायचे होते. त्यातले दोन हटेनात. ड्रिल लावावा तर धातूचे कण उडणार. पेटीत फक्त ठरावीक पदार्थांचीच हत्यारं चालत. शेवटी मंजूर असलेल्या सर्वांत कठीण पोलादाची नवी हत्यारं घडवली आणि जानेवारी २०२४ मध्ये झाकण निघालं. एकूण माती भरली १२१.६ ग्रॅम. उद्दिष्ट होतं ६० ग्रॅमचं. जपानच्या हायाबुसा-२ यानानं त्याआधी रयुगू लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम आणले होते, त्यावरून हे घबाड केवढं ते कळावं.

जानेवारी २०२५ मध्ये पहिले मोठे निष्कर्ष आले. त्यातल्या अमिनो आम्लांचा गाजावाजा झाला. मला मात्र मीठ जास्त महत्त्वाचं वाटतं. या मातीत साधं मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि ट्रोना सापडलं. ट्रोना म्हणजे धुण्याच्या सोड्याचं एक नैसर्गिक भावंड. पृथ्वीवर ते खारट तलाव आटताना तळाशी साचतं. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडातून फुटून निघाला, त्याच्या पोटात कधीकाळी बर्फ वितळून खाऱ्या पाण्याचे साठे तयार झाले होते आणि ते आटत गेले. आटताना आधी कमी विरघळणारे क्षार खाली बसतात, सर्वांत शेवटी मीठ. हा सगळा क्रम त्या मातीत वाचता येतो. शनीच्या एन्सेलाडस चंद्रावरून उडणाऱ्या फवाऱ्यांत आणि सेरेस या बटुग्रहावरच्या पांढऱ्या डागांतही असेच क्षार दिसले आहेत.

मग अशनींमध्ये ट्रोना का सापडलं नव्हतं? कारण असे क्षार दमट हवेत टिकत नाहीत. अशनी जमिनीवर पडून राहिली की ते विरघळून जातात, किंवा त्यांचं भलतंच काही बनतं. ओर्गयच्या दगडांतल्या पांढऱ्या शिरा एकेकाळी अवकाशातल्या पाण्याच्या खुणा मानल्या जात. त्या संग्रहालयातल्या ओलसर हवेनं तयार केल्या, असं नंतर लक्षात आलं!

आता अमिनो आम्लं. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी जी वीस अमिनो आम्लं वापरतात, त्यातली चौदा या मातीत मिळाली. डीएनए आणि आरएनए यांना लागणारे पाचही नायट्रोजनयुक्त घटक मिळाले आणि अमोनियाही भरपूर. अमोनिया सूर्याजवळ गोठून राहू शकत नाही, म्हणजे हा पिंड मुळात सूर्यापासून दूर, गारठ्यात जमला असणार. २०२५च्या डिसेंबरमध्ये यादीत रायबोज आणि ग्लुकोज या शर्करांची भर पडली. रायबोज हा आरएनएचा कणा. अर्थात यातलं काहीही सजीव नाही. हे सगळे रेणू निव्वळ रसायनशास्त्रानं घडू शकतात.

पण एक बाब संशोधकांच्या अपेक्षेविरुद्ध गेली. बहुतेक अमिनो आम्लं दोन रूपांत असतात. एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावीत अशी, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी. सजीवांची प्रथिनं फक्त डावी वापरतात. असं का, हे कोडं जुनं आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत काही अमिनो आम्लांमध्ये डाव्यांचं पारडं जड आढळलं होतं. त्यातलं आयसोव्हॅलिन तर पृथ्वीवरच्या सजीवांत क्वचितच आढळतं, म्हणून ते इथली भेसळ आहे असंही म्हणता येईना. त्यावरून एक सुंदर तर्क उभा राहिला होता की डावेपणाचा कल अवकाशातूनच आला असावा आणि जीवसृष्टीनं तो पुढे चालवला. बेन्नूच्या मातीत मात्र डावे-उजवे जवळपास समसमान निघाले. डॅनियल ग्लेव्हिन यांच्यासारखे वर्षानुवर्षं या तर्कावर काम करणारे संशोधकच हा निष्कर्ष मांडणाऱ्यांत होते.

तर्काला धक्का देणारी हीच समानता मातीच्या शुद्धतेचं प्रमाणपत्रही आहे. कुणाचा श्वास, कुणाची त्वचा, एखादा जिवाणू यांची भेसळ असती तर डाव्यांची संख्या वाढलेली दिसली असती. म्हणून मर्चिसनकडे पुन्हा एकदा बघायला हवं, असं मला वाटतं. तो तर्क लगेच मोडीत काढावा असंही नाही. बेन्नू म्हणजे एकच पिंड, आणि वेगवेगळ्या पिंडांत पाण्याचा इतिहास वेगवेगळा असू शकतो.

एवढी काळजी घेऊनही खात्री धरता येत नाही, हे रयुगूनं दाखवलं. त्याचा एक कण लंडनला अभ्यासासाठी गेला. तो उघडून तयार केल्यानंतर त्यावर सूक्ष्मजीवांचे धागे दिसले. काही आठवड्यांत त्यांची संख्या वाढली, मग घटली. वाढीचा वेग आणि आकार पाहता ते पृथ्वीवरचेच, कण इथे आल्यावर वस्तीला आलेले, असा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी काळजी घेऊन आणलेल्या कणावर जीवाणूंनी इतक्या झटपट संसार थाटला!

बेन्नूची निम्म्याहून बरीच जास्त माती म्हणूनच वाटलेली नाही. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी १९७२ मध्ये निर्वात नळीत बंद केलेला चंद्राच्या मातीचा एक नमुना २०२२ मध्ये उघडला गेला, तोही त्या वेळी नसलेल्या उपकरणांनी तपासायला. बेन्नूचा बराचसा वाटाही तसाच, पुढच्या पिढ्यांच्या उपकरणांची वाट पाहत बंद आहे.