चुकारा कोणाच्या हाती? विदर्भातल्या बायकांच्या धंद्याची पार्श्वभूमी

तालुक्याच्या ठिकाणी बचत गटांसाठी उद्योजकता प्रशिक्षण असलं की पहिलं सत्र बहुधा आत्मविश्वासाचं असतं. हॉलमध्ये पन्नासेक बाया, समोर फ्लेक्स, आणि प्रशिक्षक सांगत असतात, "ताई, आधी मनातली भीती काढा." मागच्या रांगेत बसलेलीने आदल्याच आठवडी बाजारात मिरचीचा भाव पाडून मागणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवलेलं असतं. तीही मान डोलावते. चहा यायचा असतो.

बाईत काहीतरी कमी आहे आणि प्रशिक्षणाने ते भरून काढायचं, ही समजूत आली कुठून? तिची एक वाट काकीनाड्याहून येते. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्क्लेलंड यांचं म्हणणं होतं की यश मिळवण्याची ओढ शिकवता येते. 1964 च्या सुमारास त्यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावून हा प्रयोग केला. त्या अभ्यासाची भाषा सरळ 'बिझनेसमन'ची आहे. 'वुमन' तिथे कुणाच्या डोक्यात नव्हती. पुढे गुजरातेत उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले, 1983 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, 1988 मध्ये आपल्याकडे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं. तालुक्याच्या हॉलमधला फ्लेक्स याच घराण्यातला.

गंमत पुढे आहे. मॅक्क्लेलंड यांनीच 1987 मध्ये भारत, मलावी आणि इक्वेडोर या तीन देशांतल्या यशस्वी आणि बेताच्या उद्योजकांची तुलना मांडली. यशस्वी लोक वेगळे दिसले ते पुढाकार घेण्यात, संधी हेरण्यात, कामाच्या दर्जात, नियोजनात, कामावर लक्ष ठेवण्यात, दिलेला शब्द पाळण्यात आणि धंद्यातले संबंध सांभाळण्यात. आत्मविश्वास आणि चिकाटी या दोन गोष्टींत मात्र दोन्ही गटांत फरक निघाला नाही. म्हणजे बायांना जे सगळ्यात आधी शिकवलं जातं, ते मूळ यादीत टिकलेलंच नव्हतं.

टिकलेल्या क्षमता बाजारात वावरून येतात. विदर्भात बाजारात कोण वावरलं, ते कापसाने ठरवलं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे 1861 ते 65 मध्ये, वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. अमरावती, खामगाव, हिंगणघाट इथे जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. या साखळीच्या खालच्या टोकाला बाई होती आणि आजही आहे. कमरेला ओटी बांधून वेचणी तिची, संध्याकाळी वजन करून किलोमागे मजुरी तिची. घरचं वावर असलं तरी निंदण-खुरपण तिचंच. पण कापूस बंडीत भरला की कासरा पुरुषाच्या हातात. प्रतवारीवरून हुज्जत घालणं, अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, वाचणं, उधार-उसनवारीचे संबंध राखणं, हे सगळं बंडी जिथे जाते तिथलं शिक्षण. 1972 मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी आणली, खरेदीदार बदलला. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्याच हाती आला. शंभर वर्षं एका माणसाने माल पिकवायचा आणि दुसऱ्याने विकायचा, आणि मग दोघांच्या 'उद्योजकीय क्षमता' मोजायच्या, हा हिशोब मला कधी पटला नाही.

भंडारा-गोंदियाकडच्या विडीचंही तेच. पानं आणि तंबाखू ठेकेदार घरी देणार, बाई वळणार, हजारामागे मजुरी, खराब ठरलेल्या विड्यांची कपात. बोटांत एवढी सफाई, पण गिऱ्हाईक कोण हे तिला ठाऊक नसतं. उलट तलावांच्या मुलखात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या टोपलीत मासळी घेऊन गावोगाव विकत आल्या. भाव ठरवणं, उधारी लक्षात ठेवणं, उरलेला माल कुठे खपवायचा हे ओळखणं त्यांना कुणी शिकवलं नाही. फक्त त्यांना 'महिला उद्योजक' म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मधल्या काळात जमिनीचा प्रश्न पुढे आला. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, त्यानंतर शरद जोशींच्या 'लक्ष्मीमुक्ती'ने नवऱ्यांनी राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन करावी असा आग्रह धरला. 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. देशाचा कायदा 2005 मध्ये झाला. पण मुली 'हक्कसोड' लिहून देतात, आणि तारण नसलं की बँकेचा साहेब गटाकडे बोट दाखवतो.

गट आले ते या फटीतून. 1975 मध्ये 'माविम', म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, स्थापन झालं होतं. 1992 मध्ये नाबार्डने 500 गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला, 2011 मध्ये 'उमेद' हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. 2006 मध्ये पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचं पॅकेज मिळालं, त्याच्या मागे शेतकरी आत्महत्या होत्या. ज्यांच्या घरचा पुरुष गेला त्या बायांना कास्तकारी आणि बाजार दोन्ही एकदम अंगावर घ्यावे लागले. एवढं होऊनही 2013-14 च्या आर्थिक गणनेत देशातल्या 5 कोटी 85 लाख आस्थापनांपैकी बायकांच्या हातातल्या 80 लाखांच्या आसपास, म्हणजे 14 टक्क्यांहूनही कमी.

तर मग फरक क्षमतेचा की घराचा? श्रीलंकेत एका प्रयोगात छोट्या व्यावसायिकांना 10 किंवा 20 हजार श्रीलंकन रुपयांची मदत दिली गेली. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले: पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा सरासरीने वाढलाच नाही. बाईला धंदा जमत नाही म्हणायला हा पुरावा चांगलाच कामी आला असता. पण 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी याच आकड्यांसोबत कोलकाता आणि घानाचे आकडे तपासले. घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईला मिळालेलं भांडवल तिकडे वळत होतं. घरात ती एकटीच धंदा करणारी असेल तिथे तिचा परतावा पुरुषांच्या तोडीचा निघाला. गटाचं कर्ज उचलून नवऱ्याची फवारणी भागवलेली बाई यावर नुसती हसेल.

अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेच्या बँकेतल्या ग्राहक बायांचंही असंच. दोन दिवसांचं धंद्याचं प्रशिक्षण, त्यातल्या काहींना मैत्रीण सोबत आणायची मुभा. ज्या मैत्रिणीसह आल्या त्यांनीच पुढे कर्ज घेऊन धंदा वाढवला. एकट्या आलेल्यांत फारसा फरक पडला नाही.

दारव्ह्याकडच्या एका गावात गटाची मिनी डाळ मिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली. तुरीला तेल-पाणी लावणं, वाळवणं, डाळीतून चुनी वेगळी करणं बायांकडे. पट्टा चढवायला एकीचा नवरा. आधी डाळ विकायलाही तोच जायचा. गेल्या वर्षीपासून त्याची बायको जाते, जावेला सोबत घेऊन, नमुना पिशवीत बांधून. व्यापाऱ्याने पोत्यामागे कडता, म्हणजे वजनातली कपात, धरला तेव्हा म्हणाली, "कडता कायचा, भाऊ? पोतं तं म्या घरून मोजून आणलं." त्याने पुन्हा काट्यावर चढवलं. वजन बरोबर निघालं, पट्टी फाडली. पट्टीवर नाव नवऱ्याचंच आहे, कारण व्यापाऱ्याच्या वहीत खातं त्याचं. खाली लिहिलेला मोबाईल नंबर तेवढा तिचा.