नव्वद मिनिटांची बैठक

पगार कापला की माणूस दुखावतो, हे कळायला संशोधन लागत नाही. पण कंपनी एकच, कपात तेवढीच, तीही तेवढ्याच दिवसांची. तरी एका कारखान्यात चोऱ्या दुसऱ्यापेक्षा बऱ्याच जास्त झाल्या. असं का झालं, हे माणसं सांभाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध केला. मोठी कंत्राटं हातची गेली म्हणून एका कंपनीने दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली. तिसऱ्या कारखान्यात पगार होता तसाच राहिला, त्यामुळे तुलना करता आली. पहिल्या कारखान्यात कंपनीचे अध्यक्ष स्वतः कामगारांसमोर आले आणि साधारण ९० मिनिटं थांबले. पैसा कुठे अडलाय ते आलेख दाखवून समजावलं. कुणालाही घरी बसवायला लागू नये म्हणून ही कपात, हे सांगितलं. आपल्याला वाईट वाटतंय, हेही बोलून दाखवलं आणि बराच वेळ फक्त प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात सगळं १५ मिनिटांत आटोपलं. कंत्राटं गेली, पगार कमी होणार, निघा.

नोंदीतला माल आणि प्रत्यक्ष शिल्लक माल यांतल्या तफावतीवरून चोरीचा अंदाज घेतला जात होता. ही तफावत सगळ्यात जास्त वाढली ती १५ मिनिटांच्या कारखान्यात. नोकरी सोडून गेलेलेही तिथेच जास्त निघाले.

जे. स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकातच सांगून ठेवलं होतं की माणूस आपले कष्ट आणि आपला मोबदला शेजारच्याच्या कष्ट-मोबदल्याशी ताडून बघत असतो. तराजू कलला की तो आपल्या परीने हिशोब जुळवतो. कुणी हात आखडता घेतो, कुणी दांडी मारतो, कुणी सामान उचलतो. ग्रीनबर्ग यांच्या कारखान्यांनी त्यात एक भर घातली. तराजूत नुसते पैसे नसतात. निर्णय कसा झाला आणि तो कोणत्या तोंडाने सांगितला, याचंही वजन पडतं.

याचा एक फार चांगला पुरावा ओडिशातून आला आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात ३७८ मजूर साधारण महिनाभराच्या कामावर होते. तिघातिघांचे गट, गटातले तिघंही एकच वस्तू बनवणारे, रोजंदारी ठरलेली. काही गटांत तिघांना सारखी मजुरी, तर काहींत कामाच्या वेगानुसार कमी-जास्त. सोबत्यांपेक्षा कमी मिळतंय हे कळल्यावर त्या मजुरांचं काम तर घटलंच, हजेरीचं प्रमाणसुद्धा सुमारे १८ टक्के-अंकांनी घटलं. गैरहजेरी म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली! ज्याला मुळात कमी मिळतंय, तोच आणखी पैसे सोडून घरी राहत होता. अपमान किती महाग असतो ते इथे दिसतं.

या प्रयोगातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढे आहे. कोण किती माल काढतो हे ज्या कामांत सगळ्यांना उघड दिसत होतं, तिथे वेगळ्या मजुरीने काही बिघडलं नाही. माणसांना फरक सोसवतो. विनाकारण फरक सोसवत नाही. ‘पगाराबद्दल आपसात बोलायचं नाही’ असा दंडक घालणाऱ्यांनी यावर विचार करायला हवा. आकडे लपत नाहीत, लपतात ती कारणं.

मी स्वतः दोनदा बढतीत मागे राहिलो. पहिल्यांदा एक ईमेल आला, त्यात माझं नाव नव्हतं आणि कुणी काही बोललंही नाही. वर्षभर मी नेमून दिलेल्यापेक्षा कणभर जास्त काम केलं नाही. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या नोकरीत, मॅडमनी यादी जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि निकषांच्या तक्त्यात मी कुठल्या रकान्यात कमी पडलो ते बोट ठेवून दाखवलं. एका रकान्याबद्दल माझं म्हणणं वेगळं होतं. ते त्यांनी ऐकून लिहून घेतलं. बढती मिळाली नाहीच. पण त्या रात्री मला झोप लागली.

झोपेचं सहज म्हणून लिहिलं नाही. ग्रीनबर्ग यांनीच २००६ साली चार रुग्णालयांतल्या ४६७ परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन रुग्णालयांत पगाराची पद्धत बदलली, मिळकत घटली आणि परिचारिकांना निद्रानाश जडला. त्यांपैकी एका रुग्णालयातल्या वरिष्ठांना प्रशिक्षण दिलं होतं: आदराने बोला, माहिती दडवू नका, माणसाला आधार द्या. तिथे निद्रानाशाचं प्रमाण कमी राहिलं, आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातही, आपल्याला न्यायाने वागवलं जातं असं सांगणाऱ्या पुरुषांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव थेट सिद्ध होत नाही, पण धूम्रपान, रक्तदाब अशा गोष्टी हिशोबात धरल्यावरही फरक उरतो.

आता कुणी म्हणेल, मग पगार कापा आणि गोड बोला, स्वस्तात काम होईल. ही पळवाट वाटते तितकी सोपी नाही. मत विचारायचं नाटक केलं आणि ते माणसांच्या लक्षात आलं, तर न विचारण्यापेक्षा जास्त संताप होतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय त्या ९० मिनिटांच्या कारखान्यातही चोऱ्या वाढल्याच होत्या, फक्त कमी प्रमाणात. १० आठवडे संपले, दोन्हीकडे पूर्ण पगार सुरू झाला, आणि मगच त्या पहिल्यासारख्या खाली आल्या.